मरुभूमीच्या वाटेवरचे कांटे

जोधपुराहून पोकरणमार्गें जैसलमेरास जाणारा रस्ता सुमारें २८० किलोमीटरांचा आहे. महाराष्ट्रांतून जैसलमेरचा सोनेरी किल्ला पहावयास जाणारीं पुष्कळ कुटुंबें याच वाटेनें जातात, आणि परत आल्यावर किल्ला, हवेल्या, वाळूच्या टेकड्या व उंट यांचें वर्णन मोठ्या हौसेनें करतात. रस्त्याच्या कडेला काय होतें असें त्यांस विचारलें तर मात्र बहुधा एकच उत्तर मिळतें: "कांहीं नाहीं, नुसतीं कांटेरी झुडपें."

हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. त्या रस्त्याच्या दुतर्फा जें उगवतें त्यापैकीं बहुतेकांस कांटे असतात हें खरें. अन्याय आहे तो 'नुसतीं' या शब्दांत. त्या झुडपांत निदान डझनभर निरनिराळ्या जाति आहेत. त्यांतील एकीनें दुष्काळांत माणसें जगविलीं आणि तिच्याचसाठीं माणसांनीं आपले प्राणहि दिले. कांहींचीं फळें लग्नाच्या पंक्तींत वाढलीं जातात. आणि एक जाति अशी आहे कीं ती शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं राजाश्रयानें आली व आतां घरच्या झाडांस बाजूस सारून ऐसपैस बसली आहे. धांवत्या मोटारीच्या खिडकींतून हीं सारीं एकाच धुळकट हिरव्या रंगाचीं दिसतात. परंतु कोणता कांटा राखावयाचा आणि कोणता उपटावयाचा हा मरुभूमींतील शेतकऱ्याच्या व धनगराच्या पोटाचा प्रश्न आहे.

थरच्या वाळवंटांत पाऊस किती पडतो हें आधीं लक्षांत घेतलें पाहिजे. अरवली पर्वताच्या पायथ्याशीं तो वर्षाकांठीं ४०० ते ५०० मिलिमीटर असतो. पश्चिमेकडे जावें तसा कमी होत होत सरहद्दीजवळ १०० ते १५० मिलिमीटरांवर येतो. मुंबईस एकट्या जुलै महिन्यांत जेवढें पाणी पडतें तेवढें जैसलमेरास चार वर्षांत मिळेलच अशी खात्री नसते. शिवाय जो पाऊस पडतो तो बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत, आणि तोहि थोड्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. पुढचे आठ-नऊ महिने जमीन तापते, वारा वाहतो व वाळू उडते. याच भागांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं छायेंतील उष्णतामान ५१ अंश सेल्सिअसपर्यंत चढलें होतें. भारतांत त्यापूर्वीं इतकें उष्णतामान नोंदलें गेलें नव्हतें.

अशा हवेंत वनस्पतीस सर्वांत जपावें लागतें तें पानास. पान हें झाडाचें स्वयंपाकघर खरें, परंतु झाडांतील पाणी उडून जाण्याची वाटहि तेंच. म्हणून मरुभूमींतील झाडें पान लहान करतात, त्याचीं बारीक बारीक दलें पाडतात, त्यावर मेणाचा पातळ थर चढवितात, किंवा पान टाकूनच देतात. कांटा पाणी वाचवितो अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. निवडुंगाप्रमाणें जेथें पानाच्या जागींच कांटा येतो तेथें तसें म्हणतां येईल. पण थरच्या बहुतेक झाडांस तें लागू पडत नाहीं. त्यांच्या बाबतींत पाणी वाचवितें तें लहान पान, आणि त्या लहान पानास वाचवितो तो कांटा. कोंकणांतील झाडाचीं दहा पानें गुरांनीं खाल्लीं तर पावसाळ्यांत त्यांच्या जागीं वीस येतात. वाळवंटांतील झाडानें एक पान उभें करण्यास जें पाणी वेंचलेलें असतें तें पुन्हा केव्हां मिळेल याचा भरंवसा नसतो. मग त्या पानावर पहारा बसविणें ओघानेंच आलें. हा पहाराहि फुकट मिळत नाहीं. आफ्रिकेंतील बाभळींवर केलेल्या निरीक्षणांत असें दिसून आलें आहे कीं, चरणाऱ्या जनावरांचें तोंड जेथवर पोंचतें तेथवरच्या फांद्यांवर कांटे लांब असतात आणि त्याच्या वरच्या फांद्यांवर ते आंखूड होतात. गरज नसेल तेथें झाडहि हत्यारावर खर्च करीत नाहीं.

कांटा हा शब्द एक असला तरी वस्तु एक नव्हे. गांवठी बाभळीचा पांढरा, सरळ, जोडीनें येणारा कांटा हा पानाच्या बुडाशीं असणाऱ्या उपपर्णाचें रूपांतर होय. बोरडीचे कांटेहि त्याच घडणीचे. मात्र जोडींतील एक सरळ व दुसरा आंकड्यासारखा वांकडा असतो. त्यामुळें धोतराचा सोगा तींत गुंतला म्हणजे पुढें ओढावा तरी फाटतो आणि मागें घ्यावा तरी फाटतो. कुमट या नांवाच्या बाभळीस प्रत्येक पेऱ्यावर तीन नखें असतात, दोन वर वळलेलीं आणि मधलें खालीं वळलेलें. हिंगणाचा लांब, हिरवा, दाभणासारखा कांटा ही खरोखर वाढ खुंटलेली फांदीच होय. कित्येकदां त्यावर पान फुटलेलेंहि दिसतें. खेजडीचे लहान, शंकूच्या आकाराचे कांटे गुलाबाच्या कांट्यांप्रमाणें सालीचेच असतात. जोधपूरभोंवतालच्या खडकाळ टेकड्यांवर जो थोर दाटीनें उभा असतो त्याला तर जोडकांट्यांच्या जोडीस अंगाची आग करणारा पांढरा चीकहि आहे. हा थोर निवडुंगासारखा दिसतो, पण दोघांचें कांहीं नातें नाहीं. निवडुंग मूळचे अमेरिकेचे, थोर येथलाच. अशा रीतीनें निरनिराळ्या घराण्यांनीं निरनिराळ्या अवयवांपासून एकाच कामाचें हत्यार घडविलें आहे. आणि उंटानें त्या सर्वांवर उपाय शोधला आहे! त्याचे ओठ जाड व चपळ असतात, गालांच्या आंतल्या बाजूस कठीण शंकूसारखे उंचवटे असतात. बाभळीची फांदी तो कांट्यांसकट स्वस्थपणें चघळतो. मरुभूमीच्या कांट्यांना गाय अडते, शेळी थोडीफार अडते, उंट जवळजवळ अडतच नाहीं.

झाडांकडे वळण्यापूर्वीं पायांखालच्या कांट्यांची थोडी ओळख करून घेणें बरें. डांबरी रस्त्यावर पडलेला पाऊस जमिनींत न मुरतां दोन्ही कडांच्या चरांत उतरतो. त्यामुळें रस्त्याच्या कडेच्या हातभर पट्ट्यास आंतल्या रानापेक्षां अधिक ओल मिळते, आणि त्या ओलीवर कित्येक कांटेरी तणें जगतात. त्यांत पहिला मान सराट्याचा. देशावर अनवाणी चाललेल्या कोणासहि त्याची ओळख करून द्यावयास नको. पिवळ्या नाजूक फुलाच्या या वेलीस जें फळ येतें त्याचे वाळल्यावर पांच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याची घडण अशी कीं तो कसाहि पडला तरी एखादें टोंक वरच्या बाजूस राहतें. जनावराचा खूर, माणसाची टांच, मोटारीचें चाक, कांहींहि त्याला वाहन म्हणून चालतें. उत्तर अमेरिकेंत हा सराटा परदेशांतून गेला, आणि तेथील सायकलस्वारांना तो आज चांगलाच ठाऊक आहे.

दुसरें भुरट नांवाचें गवत. त्याच्या दाण्याभोंवतीं उलट्या आंकड्यांचें कवच असतें. पावसाळ्यानंतर त्यांतून चार पावलें चालणाऱ्याच्या धोतराची किंवा घागऱ्याची खालची किनार भुरटानें भरून जाते, आणि एक एक दाणा उपटतांना बोटें रक्ताळतात. तथापि याच गवताचा दाणा दुष्काळांत वेंचून, कवच काढून, बाजरीच्या पिठांत मिसळून मारवाडांतील गरिबांनीं खाल्ला आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंतहि त्याचा असाच उपयोग झाला.

निळसर गोल गेंदांचा उंटकटारा दिसतो सुंदर, पण त्याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. पिवळ्या धोत्र्याविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा कांटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा क्षुप मेक्सिकोकडून आला, आणि त्याचें नांव धोत्रा असलें तरी तो अफूच्या कुळांतला आहे. त्याची बी मोहरीसारखी दिसते. ती मोहरीच्या तेलांत भेसळ म्हणून गेली म्हणजे अंगावर सूज येऊन हृदय निकामी होतें. १९९८ सालीं दिल्लींत अशा भेसळीनें साठांहून अधिक माणसें दगावलीं. रस्त्याच्या कडेचा हा कांटा शहरांतल्या स्वयंपाकघरांत शिरला तो त्या वाटेनें.

आतां बोरडीकडे. मारवाडांत शेताचें कुंपण म्हणजे बोरडीचे कांटे असें समीकरण आहे. ही रानबोर जमिनीसरशी छाटून आणतात व काठीनें झोडपतात. झडलेला पाला जनावरांसाठीं साठवितात. त्याला तेथें 'पाला' असेंच म्हणतात, आणि मराठी माणसास तो शब्द ऐकून आपल्या घरीं आल्यासारखें वाटतें. राहिलेल्या कांटेरी काटक्या एकांत एक गुंतवून शेताभोंवतीं, वाड्याभोंवतीं, गवताच्या गंजीभोंवतीं रचतात. दगड नाहीं, वीट नाहीं, तार नाहीं, तरीहि नीलगाय आंत येत नाहीं आणि वाऱ्यानें उडणारी वाळूहि तेथें थोडी अडते. कोंकणांतील वई जिवंत झाडांची असते, थरमधील वई मेलेल्या कांट्यांची, काम एकच. पुढील पावसाळ्यांत बोरडी बुंध्यापासून पुन्हा फुटते.

केराचें झुडूप पहिल्या प्रथम पाहणाऱ्यास वाळलेलेंच वाटतें. त्याला पानें जवळजवळ नसतातच. कोंवळ्या फुटव्यावर येतात व लगेच गळून जातात. अन्न तयार करण्याचें काम हिरव्या काड्याच करतात. संस्कृत कवींचा करीर तो हाच. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांत त्यास नेपती म्हणतात. उन्हाळ्याच्या आरंभीं या पर्णहीन जाळीवर विटकरी-तांबड्या फुलांचा असा बहर येतो कीं रस्त्यावरून जाणाऱ्यास दुरून वणवा लागल्याचा भास व्हावा. मागाहून हिरवीं, वाटाण्याएवढीं किंवा थोडीं मोठीं फळें धरतात. तीं कच्चीं अत्यंत कडू. मिठाच्या पाण्यांत किंवा ताकांत कित्येक दिवस भिजत ठेवून त्यांचा कडूपणा काढतात, मग वाळवितात. या वाळविलेल्या केराबरोबर खेजडीच्या कोंवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, कुमटाच्या बिया आणि भोकराच्या जातीचा गुंदा हीं शिजविलीं म्हणजे राजस्थानची तीं प्रसिद्ध सुकी भाजी होते. आज ती मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत भारी किंमतीस मिळते. तिच्यांतील केर, सांगरी व कुमट हे तिन्ही पदार्थ कांट्यांतून हात घालून काढलेले असतात, आणि हें काम बहुधा बायकांचें व मुलांचें असतें.

खेजडी ही या सर्वांत श्रेष्ठ. महाराष्ट्रास ती शमी म्हणून ठाऊक आहे. ग्रामीण भाषेंत तिला सौंदड असेंहि नांव आहे. दसऱ्याच्या दिवशीं शमीपूजन करणाऱ्या व गणपतीस शमीपत्र वाहणाऱ्या शहरी कुटुंबांपैकीं कितीजणांनीं हें झाड सबंध उभें पाहिलें असेल, याची शंकाच आहे. पांडवांनीं अज्ञातवासांत जातांना आपलीं शस्त्रें शमीवर ठेविलीं ही कथा सर्वांस परिचित आहे. मारवाडांत मात्र शमी ही वर्षांतून एकदां आठवण्याची वस्तु नाहीं.

तिचें सोटमूळ जमिनींत वीस-वीस मीटर किंवा त्याहूनहि खोल उतरतें, त्यामुळें वरच्या थरांतील पाण्यासाठीं ती बाजरीशीं भांडत नाहीं. तिची सावली विरळ असते, त्यामुळें पिकास ऊन मिळतें. ती द्विदल कुळांतली असून तिच्या मुळांवर नत्र धरणारे जंतु वाढतात, आणि गळलेल्या पानांचें खत होतें; म्हणून शेतांत इतरत्र असलेल्या बाजरीपेक्षां खेजडीखालची बाजरी अनेकदां अधिक जोमदार दिसते. सर्व सृष्टि होरपळत असतां, चैत्राच्या सुमारास तिला नवी पालवी येते. हिंवाळ्यांत शेतकरी तिच्या फांद्या छाटतो. त्या पाल्यास 'लूंग' म्हणतात, आणि वाळविलेला लूंग शेळ्या-मेंढ्या व उंट यांचा पुढील महिन्यांचा आधार असतो. छाटलेले कांटे कुंपणास, जाड फांद्या चुलीस, कोंवळ्या शेंगा भाजीस, पिकलेल्या शेंगा मुलांस गोड खाऊ म्हणून. १८६८-६९ च्या राजपुतान्यांतील दुष्काळांत लोकांनीं खेजडीची साल दळून तिच्या भाकरी केल्या व त्यावर दिवस काढले, अशी नोंद जुन्या ग्रंथांत आहे.

असें झाड तोडूं नये हा तेथें धर्माचा भाग झाला यांत नवल नाहीं. जांभोजींनीं १४८५ सालीं बिश्नोई पंथ स्थापिला आणि त्याचे २९ नियम घालून दिले. हिरवें झाड न तोडणें हा त्यांतील एक. १७३० सालीं मारवाडचे महाराज अभयसिंह यांच्या वाड्याच्या बांधकामास चुना भाजण्यासाठीं सरपण हवें होतें. दरबारचे लोक जोधपुरापासून सुमारें २५ किलोमीटरांवरील खेजडली गांवीं खेजड्या तोडावयास आले. अमृतादेवी नांवाच्या बिश्नोई स्त्रीनें झाडास मिठी मारून त्यांस अडविलें. ती व तिच्या मुली तेथेंच मारल्या गेल्या. बातमी भोंवतालच्या गांवांत पसरली, माणसें एकामागून एक पुढें आलीं, आणि परंपरेप्रमाणें एकूण ३६३ जणांनीं प्राण दिले. शेवटीं महाराजांनीं क्षमा मागून बिश्नोई गांवांत झाडें तोडण्यास मनाई केली. खेजडलीस त्या लोकांचें स्मारक आहे व तेथें भाद्रपदांत मेळा भरतो. राजस्थान सरकारनें १९८३ सालीं खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला.

आतां त्याच रस्त्याच्या कडेची दुसरी बाजू. प्रवाशास सर्वांत अधिक दिसणारें कांटेरी झाड खेजडी नव्हे, बोरडी नव्हे. तें विलायती बाभूळ. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीज बेटें यांकडचें हें झाड १८७७ सालीं हिंदुस्थानांत आलें, १९१३ सालीं जोधपूर संस्थानांत लागलें, आणि १९४० सालीं त्या दरबारानें त्याला शाही वृक्षाचा दर्जा देऊन संरक्षण दिलें. ज्यांनीं तें लावलें त्यांस दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. वाळू पुढें सरकत होती, सरपण संपत आलें होतें, आणि येथें एक झाड असें मिळालें होतें कीं जें खाऱ्या जमिनींत वाढतें, पाण्यावांचून तगतें, ज्याचें पान शेळीसुद्धां तोंडांत धरीत नाहीं आणि तीन-चार वर्षांत ज्यापासून जळाऊ लांकूड मिळतें. त्या वेळच्या अधिकाऱ्यांस तें वरदान वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. चूक झाली ती एवढीच कीं, जें गुण म्हणून मोजलें तेंच पुढें संकट ठरलें.

या झाडाचें पान गुरें खात नाहींत, परंतु शेंग गोड असल्यामुळें आवडीनें खातात. शेंगेंतील बी इतकी कठीण कीं ती गुराच्या पोटांतून सुखरूप बाहेर पडते, आणि शेणाबरोबर पडल्यामुळें तिला आयतें खत मिळतें. खेड्यांतील कळप रस्त्याच्या कडेनेंच हांकले जातात; म्हणून विलायती बाभूळ प्रथम रस्त्याच्या कडा घेते, मग ओढ्यांचीं पात्रें, मग पडीक जमीन. तोडावी तर बुंध्यापासून दहा फुटवे निघतात. तिच्या दाट जाळीखालीं गवत फारसें वाढत नाहीं. कच्छांतील बन्नीच्या प्रसिद्ध गवताळ प्रदेशांत, रणाचा खारटपणा पुढें सरकूं नये म्हणून, १९६० नंतर ती सरकारी रीतीनें लावली गेली. पुढें तिनें तेथील गवताचा फार मोठा भाग गिळला, आणि म्हशींवर जगणाऱ्या मालधारी लोकांस त्याची झळ लागली. गुजरातींत तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. सोलापूर, नगर व मराठवाडा या भागांत तिला मराठी शेतकऱ्यानें नेमकें हेंच नांव दिलें आहे. सावकाश वाढणाऱ्या देशी बाभळीची संवय असलेल्या लोकांना हिच्या वाढीचा दुसरा अर्थ लावतां आला नसावा.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत खेजडी व वेडी बाभूळ या फार दिवस सख्ख्या चुलत बहिणी होत्या. दोघींची प्रजाति एकच, प्रोसोपिस. २०२२ सालीं शास्त्रज्ञांनीं या प्रजातीची फोड केली, अमेरिकेकडील जातींचे निराळे गट पाडले, आणि वेडी बाभूळ खेजडीपासून वेगळी झाली. दोघींतील फरक ओळखण्यास शास्त्राची फारशी गरज नाहीं. खेजडीस बहुधा एकच खोड, भेगाळलेली करडी साल, आणि पेऱ्यांच्या मधल्या भागावर विखुरलेले लहान कांटे. वेडी बाभूळ जमिनीपासूनच अनेक खोडांनीं फुटते, तिच्या फांद्या कमानीसारख्या लवतात, आणि कांटे पेऱ्यांवरच असून लांब व सरळ असतात. याहून सोपी खूण म्हणजे झाडाखालीं पहावें: खेजडीखालीं नांगराचे तास दिसतात.

तथापि वेड्या बाभळीवर आज लक्षावधि गरीब घरांच्या चुली पेटतात, तिचा कोळसा होतो, तिच्या फुलांवर मधमाशा जगतात. ती एका दिवसांत नाहींशी करावी असें म्हणणाऱ्यानें सरपणाची सोय आधीं सांगितली पाहिजे. आणि नाहींशी करणें किती कष्टाचें आहे याचें उदाहरण जोधपुरांतच आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशीं सुमारें ७० हेक्टर खडकाळ जमीन या बाभळीनें व्यापली होती. २००६ सालापासून वनस्पतींचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखालीं ती मोकळी करण्याचें काम सुरू झालें. जमीन ज्वालामुखीजन्य कठीण खडकाची, आणि मुळें त्याच्या फटींत रुतलेलीं. वरवर तोडून उपयोग नव्हता. मूळ ज्या सांध्यापासून फुटतें तेथपर्यंत खणावें लागे. तेव्हां जोधपूरच्या खाणींतील पाथरवट बोलाविण्यांत आले. त्यांस खांडवालिया म्हणतात. हे लोक हातोड्याच्या आवाजावरून खडक कोठें ठिसूळ आहे तें ओळखतात, आणि छिन्नी-हातोड्यानें त्यांनीं एक एक झाड मुळापासून काढलें. त्याच खड्ड्यांत मग थोर, केर, कुमट अशीं तेथलींच झाडें लावलीं. २०११ सालीं हें राव जोधा उद्यान लोकांसाठीं खुलें झालें. बाहेरच्या प्रवाशास तेथेंहि प्रथमदर्शनीं 'नुसतीं कांटेरी झुडपें'च दिसतात; पण एक कांटा काढून दुसरा लावण्यास तेथें वर्षेंच्या वर्षें खपलीं आहेत.

इकडे खेजडीची स्थिति मात्र बरी नाहीं. गेल्या कित्येक वर्षांपासून राजस्थानच्या अनेक जिल्ह्यांत मोठमोठ्या खेजड्या उभ्या वाळत आहेत. मुळें पोखरणारा एक भुंगेरा आणि मुळांस लागणारी बुरशी हीं कारणें तज्ज्ञांस आढळलीं. त्यांच्या जोडीस नलिकाविहिरींमुळें खोल गेलेलें पाणी आणि दरवर्षीं होणारी बेसुमार छाटणी. आणखी एक कारण फारसें बोललें जात नाहीं. उंटाच्या किंवा बैलाच्या नांगरामागें चालणारा शेतकरी तासांत उगवलेलें खेजडीचें रोप पाहून नांगर जरा बाजूस घेई. ट्रॅक्टरवर बसलेल्यास तें रोप दिसत नाहीं. जुनीं झाडें वाळत असतां नवीं उगवत नाहींत, असा हा दुहेरी घाटा आहे. त्यांत सौरविजेच्या प्रकल्पांची भर पडली. फलोदीजवळ भडला येथें जगांतील मोठ्या सौर-उद्यानांपैकीं एक आहे. वीज हवीच, पण अशा प्रकल्पांसाठीं बीकानेराकडे खेजड्या तोडल्या गेल्या तेव्हां अलीकडच्या वर्षांत गांवकरी व बिश्नोई मंडळींनीं धरणीं धरलीं.

बीकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थानें 'थार शोभा' या नांवाचा खेजडीचा एक निवडक वाण तयार केला आहे. त्याचें डोळा भरून कलम करतात. झाड बुटकें रहातें, थोड्या वर्षांतच सांगरी देऊं लागतें, आणि त्याला कांटे नसतात. त्यामुळें शेंगा तोडणाऱ्या बायकांचे हात फाटत नाहींत, आणि सांगरीस आज जो भाव येतो तो पाहतां शेतकऱ्यास त्यांत चार पैसेहि दिसतात. मात्र ज्याला कांटा नाहीं तें रोप शेळ्यांपासून स्वतःला वांचवूं शकत नाहीं. पहिल्या वर्षांत त्याची राखण करावी लागते, आणि तार विकत घेण्याची ऐपत नसलेला शेतकरी त्याभोंवतीं बोरडीच्या कांट्यांचें कुंपण रचतो.